तळाची हजेरी

आमच्या घरी सकाळची हजेरी साडेनऊला व्हायची. घेणारा माझा नवरा, देणारे पाच मासे.

माझे मालक खुशालराव, मास्तर. मीही त्यांना मास्तरच म्हणते. बेला गावाच्या पलीकडे, पैनगंगेच्या अलीकडे एका खेड्यात त्यांची मराठी शाळा; एक खोली, एक फळा, एकोणीस पोरं आणि हे. मागच्याच्या मागच्या वर्षी डिसेंबरात हजेरी घेता घेता त्यांना लकवा मारला. सात नंबरपर्यंत हजेरी झाली होती. आठव्या नंबरची पूनम नावाची पोरगी आपलं नाव यायची वाट पाहत उभी राहिली होती, आणि सर खुर्चीवरून घसरून जमिनीवर आले तरी उभीच होती, असं तिच्या आईनं मला नंतर सांगितलं. सर नाव घेतील मगच 'हाजर' म्हणायचं, अशी शिस्त होती. पुस्तकात 'हजर' लिहितात. आमच्याकडं पोरं 'हाजर' म्हणतात आणि मास्तरांनी ते कधी सुधारलं नाही.

उजवी बाजू गेली, वाचा गेली. सव्वा वर्ष तोंडातून एकच शब्द निघायचा, आणि तो इथं लिहिण्यासारखा नाही. पाणी हवं असलं तरी तोच, मच्छर चावला तरी तोच. शेजारच्या देवकाबाई भेटायला आल्या तरी तोच. त्या बिचाऱ्या पदर तोंडाला लावून म्हणायच्या, "वळखते मले भाऊ, वळखते." मी म्हणायची, "हो नं, चांगलंच ओळखते."

यंदा फेब्रुवारीत आमची पोरगी अर्पिता हैदराबादहून आली. डॉक्टरनं तिला सांगितलं होतं, बापाच्या डोळ्यांसमोर काहीतरी हलतं ठेवा. टीव्ही ठेवला होता, पण तो लावला की मास्तर डोळे मिटून घेत. मग ती आदिलाबादेतून दोन फुटी काचेची टाकी घेऊन आली. रंगीत गप्पी दहा, आणि दुकानदारानं सुचवलेले पाच बुटके, तपकिरी, मिशा असलेले मासे. टाकीत हे असे वेगवेगळे मासे एकत्र नांदतात म्हणे. दुकानदार राजकुमार मला फोनवर म्हणाला, "मॅडम, नीचेवालों को कुछ डालने का नहीं. ये सफाईवाले हैं. ऊपरवालों का जो बचता है, वो खा के टाकी साफ रखते हैं."

मला बरंच वाटलं. घरात पडलेलं माणूस, ऐंशीची सासू, माझी अंगणवाडी. तेवढाच एका कामाला कोणीतरी.

मधल्या खोलीत मास्तरांच्या खाटेसमोर ठेंगणा टेबल मांडला. मागून हात घालून पाणी काढता यावं म्हणून भिंतीपासून दीड हात सोडला. टाकीच्या पाठीला दुकानदारानं निळा कागद चिकटवून दिला होता, त्यावर समुद्र आणि कोणत्या तरी परदेशातली झाडं. तळाला मी फरशीवाल्याकडची पांढरी दगडी चिप पसरली. कशी चमकते, म्हणून.

मास्तरांना आम्ही उशा लावून बसवतो. पण मान छातीवर कललेली असते आणि नजर वर उचलत नाही. पंधरा दिवसांनी मी एकदा त्यांच्या उशीशेजारी बसून, तशीच मान पाडून पाहिलं. तेव्हा कळलं, की गप्पींचे लाल-पिवळे शेपटे हे सगळे आल्या-गेल्यासाठी. मास्तरांना दिसायची ती तळाची चार बोटं जागा. तिथं ते पाच मिशीवाले इकडून तिकडं नाकानं गोटे ढोसत फिरत होते.

आणि त्याच आठवड्यात सकाळी साडेनऊला, मी पोरांच्या अंड्यांचा हिशोब लावत असताना, मागून आवाज आला.

"हाजर."

माझ्या हातातली वही पडली. एक मिशीवाला काचेसमोरून गेला होता. दुसरा आला. "हाजर." ओठ वाकडे, आवाज विहिरीतून आल्यासारखा, पण शब्द सबंध. पाचही गेले, मास्तर पाच वेळा म्हणाले आणि दमून डोळे मिटले.

डॉक्टर फोनवर म्हणाले, "एक शब्द आला म्हणजे वाट उघडली. रोज बोलू द्या. तुटला तर परत येईलच, असं मी सांगू शकत नाही."

तेव्हापासून माझा जीव त्या चार बोटं जागेत अडकला.

माझी सासू मनकर्णाबाई, तिला मी माय म्हणते, तिला मात्र रागच आला. "मायले नाई म्हनत हाजर. माश्यायले म्हनते."

"अहो माय, तुमी त्यांच्या डोक्याच्या मागं बसता. कशा दिसान?"

"मंग काय टाकीत जाऊन बसू?"

"तुमच्या मापाची आणावी लागंन."

तिनं सुपारीचं खांड माझ्याकडं फेकलं. पण रोज साडेनऊला ती काम टाकून यायची आणि बोटं मोडून मोजायची. ती शाळेत कधी गेली नाही. हजेरी म्हणजे काय, हे तिला मुलाच्या नोकरीत कळलं.

मार्चच्या शेवटी एक दिवस हजेरी चारवर थांबली. मास्तर वाट पाहत राहिले. काचेवर नजर, ओठ अर्धे उघडे. मग त्यांनी तो दुसरा, न लिहिण्यासारखा शब्द काढला, अगदी हळू.

पाचवा पंपाच्या मागं सापडला, उलटा, मिशा जवळजवळ नाहीतच. मी उरलेल्या चौघांकडं नीट पाहिलं, तर त्यांच्याही मिशा झिजून कापसाच्या बोंडाच्या टोकासारख्या झाल्या होत्या.

देवकाबाई म्हणाल्या, "मूठभर खडं मीठ टाक. माश्याच्या सगळ्या दुखन्याले मीठ." राजकुमारही फोनवर तेच म्हणाला. मी मूठ भरलीही होती. पण अर्पितानं पाठवलेल्या एका व्हिडिओत एक मुलगा सांगत होता, या मिशीवाल्यांना मीठ सोसत नाही. गप्पींवर हजार व्हिडिओ असतील. यांच्यावर मला तो एक मिळाला. तो चार वेळा पाहिला. धारदार खडी नको, मऊ वाळू हवी. यांना एकटं करमत नाही, पाच-सहा तरी हवेत. आणि अधूनमधून हे सरळ वर जाऊन हवेचा एक घोट घेतात, घाबरू नका.

मी ती चमकणारी चिप काढली. रविवारी पैनगंगेच्या पात्रातून घमेलंभर बारीक वाळू आणली आणि पाणी आरशासारखं निघेपर्यंत सतरा वेळा धुतली. नळाच्या पाण्याला औषधाचा वास, म्हणून दोन दिवस रांजणात मुरवलेलं पाणी वापरलं. चौघं वाळूत तोंड खुपसून इतके रमले, की मीच हसले.

पण त्यांचा फिका पडलेला रंग काही परत येईना. उपाशीपणा ओळखला तो मायनं. ती दिवसभर तिथंच बसलेली असायची.

"सुनयना, याहीचे पोट पाह्य बरं."

"काय झालं?"

"खपाटीले गेले. उपाशी हायेत हे."

"माय, ते वरच्यांचं उरलेलं खातात. दुकानदार म्हणला."

तिनं तोंडातलं सुपारीचं खांड काढून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "वरच्याचं उरते किती, हे दुकानदाराले काय मालूम? मले विचार."

हे तिनं मला एवढ्या वर्षांत सांगितलं नव्हतं. लहानपणी ती तिच्या मायसोबत लग्नाच्या मांडवामागं टोपलं घेऊन बसायची. पहिली पंगत उठायची, दुसरी उठायची, बायकांची उठायची. "वाट पाहू पाहू मले झोप लागे. मंग टोपल्यात भात पडे. त्याच्यात पत्रावयीच्या काड्या, कोनाचं चावलेलं वांगं. अन् लोक म्हनत, याहीचं बरं हाय, चूल नाई पेटवा लागत."

मी टाकीवर चिमूटभर खाद्य टाकून पाहिलं. दहा गप्पी तुटून पडले. खाली काही म्हणजे काहीच पोचलं नाही. दोन महिने मी हेच रोज करत होते आणि तळ किती स्वच्छ राहतो, म्हणून राजकुमारचं कौतुक करत होते.

बुडणाऱ्या खाद्याच्या गोळ्या मागवल्या. त्याही गप्पी वाटेतच गिळायचे. त्याला तोड मायनंच काढली. परसात पपई आहे. तिच्या पानाचा देठ आतून पोकळ असतो, पोरं त्याची पिपाणी करतात. मायनं एक लांब देठ तोडून सावलीत वाळवला. एक टोक वाळूला टेकवायचं, वरच्या तोंडातून गोळी सोडायची. ती सुळकन थेट तळाला. गप्पी देठाभोवती फिरून वेडे व्हायचे. माय त्यांना म्हणायची, "सरका व. तुमची पंगत झाली."

मी नियम घालून दिला: दिवसातून एकदा, चौघांना मिळून आठ गोळ्या. जास्त टाकलं तर वाळूत सडतं आणि आधी तळाचेच मरतात.

"आठच?" माय म्हणाली. "लेकराईले कोनी मोजून देते काय?"

"माय, आठ."

"बरं बाई, आठ."

एप्रिलभर चांगलं चाललं. चौघांची पोटं गोल झाली, मिशांना नवी पालवी फुटली. मास्तर चार वेळा हाजर म्हणायचे आणि एकदा तर पाचव्यासाठी थांबून माझ्याकडं डोळे वळवले. मी म्हणाले, "तो दाखला घेऊन गेला, मास्तर." त्यांच्या ओठांची डावी बाजू हलली. मी ते हसणं धरलं.

मे लागला. आमच्याकडचा मे म्हणजे दुपारी भिंतीला हात लावावा, तर भिंत हात मागं ढकलते. लाईट जायची, पंप थांबायचा. मी फ्रीजमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून टाकीत तरंगत ठेवायची, झाकण काढून कडेला ओलं फडकं टाकायची. रोज एक तांब्या पाणी बदलायचं, हळूहळू, बाळाला पाजल्यासारखं. एवढं केलं, आणि मग बुद्ध पौर्णिमा आली.

विहारात सगळ्या गावाची खीर असते. तांदूळ, दूध, साखर, वेलची. मोठ्या गंजात ढवळायला चार बाया लागतात, त्यातली एक मी. दुपारी डबाभर खीर घरी आणली, मास्तरांना चमच्यानं चार घास भरवले, मायला वाटीभर दिली आणि वंदनेला परत गेले. आले ती थकून आडवी झाले. टाकीकडं पाहिलं नाही. खोटं कशाला सांगू.

सकाळी उठले, तर टाकीचं पाणी ताकासारखं झालेलं. आंबूस वास. तळ दिसतच नव्हता.

मास्तरांना उशा लावून बसवलेलं होतं. साडेनऊ वाजले नव्हते, पण ते काचेकडं पाहत होते. ओठ 'हा'साठी उघडले आणि तसेच राहिले. समोरून कोणीच गेलं नाही. कसं जाईल? चौघंही वर होते. जन्मभर तळाला राहणारे ते मासे पाण्याच्या तोंडाशी येऊन, गप्पींच्या रांगेत घुसून, हवेचा घोट घ्यायचे, दोन बोटं खाली घसरायचे आणि परत धडपडून वर. मास्तरांची नजर जिथं पोचत नाही, तिथं ते जगायची खटपट करत होते.

मी गप्पी बादलीत काढले, टाकीचं पाणी उपसलं. रांजणातलं, माठातलं, जे मुरलेलं पाणी घरात होतं ते सगळं ओतलं. वाळूत हात घातला तर हाताला गिळगिळीत शितं लागली. वेलचीचं एक टरफलही. टेबलामागं ठेवलेला पपईचा देठ उचलला. आतून चिकट, तोंडाशी दोन मुंग्या.

माय दाराशी उभी होती.

"खीर टाकली तुमी?"

"वाटीभर नाई. चार चमचे."

"माय!"

"पोर्निमा होती." तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला. "साऱ्या गावाले खीर, कुत्र्याईलेबी देल्ली लोकाईनं. मनलं, याहीलेच काऊन नाई? अन् उष्टी नोती, सुनयना. मी खायाच्या अगोदर टाकली. पयली याहीले."

हे ऐकूनही मी बोलले. बोलायला नको होतं. मी म्हणाले, "मी त्याईले दोन महिने उपाशी ठेवलं तरी एकच मेला. तुमी एका दिवसात चारही मारले. आता तुमच्या पोराचा शब्द कुठून आणू?"

तिनं माझ्या हातातला देठ घेतला, पाहिला आणि चुलीत घातला.

तेव्हा चारही मेले नव्हते, खरं तर. दोन दुपारपर्यंत होते. एक तर साडेचार वाजता वाळूवर नीट टेकून बसला, कल्ले हलत होते, मला वाटलं जमलं. मी मास्तरांना म्हणाले, "पाहा, पाहा, एक आहे." त्यांनी पाहिलं. तो कुशीवर कलंडला, तोही त्यांनी पाहिला. त्यांनी डोळे मिटले. तो दुसरा शब्दही काढला नाही.

पपईच्या बुडाशी खड्डा करून मी चौघांना पुरलं. अर्पिता फोनवर म्हणाली, "आई, दुसरे आण ना." राजकुमारला विचारलं, तर तो म्हणाला, "मॅडम, अभी नहीं. इस गर्मी में रास्ते में ही मर जाते. बारिश के बाद देखेंगे." मी डॉक्टरांचं वाक्य आठवत बसले. पाऊस अजून महिनाभर लांब.

तीन दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही. मास्तरांचं समजू शकते, त्यांना येत नव्हतं. आम्हा दोघींना येत होतं. माय अर्धी भाकर खाऊन ताट सारायची. एकदा मी म्हणाले, "जेवा नं वो." ती म्हणाली, "पोट भरलं." एवढंच.

साडेनऊला मी मास्तरांना टाकीसमोर बसवायची ते सवयीनं. गप्पी परत सोडले होते. ते वरच्यावर झगमगत फिरायचे, दहाच्या दहा जिवंत, कोणाला काही झालं नव्हतं. खाली नुसती वाळू. मास्तर त्या वाळूकडं पाहायचे. ओठ बंद. मी मुद्दाम समोर वाकून म्हणायची, "मास्तर, मी आहे बरं का. हाजर." ते माझ्या खांद्यापलीकडं पाहायचे. आठव्या नंबरनं आपणहून हाजर म्हटलं तर ते चालत नाही, तसं काहीतरी असावं.

चौथ्या दिवशी मास्तरांना टाकीसमोर बसवून मी अंगणवाडीत जायला निघत होते. मधल्या खोलीत खरखर ऐकू आली. माय टेबलामागं, त्या दीड हाताच्या फटीत, जमिनीवर बसली होती. ओल्या फडक्यानं टाकीची मागची काच घासत होती. त्या दिवशीच्या पाण्यानं निळा कागद भिजून फुगला होता; तिनं तो ओरबाडून काढून टाकला होता. समुद्र गोळा होऊन कोपऱ्यात पडला होता.

"काऊन करून राह्यल्या हे?" मी म्हणाले. गेल्या तीन दिवसांत मायशी बोललेलं माझं सगळ्यात लांब वाक्य.

"वास येते अजून," ती म्हणाली. "दुधाचा."

वास येत नव्हता. मी पिशवी उचलली, छत्री घेतली.

"हाजर."

मी दारातच थांबले.

माय फडकं टाकून उठायला लागली. "कोनतं वाचलं? सुनयना, वाचलं व एखांदं! कुटी हाय?" तिनं वरून बाही न सारताच टाकीत हात घातला आणि बोटांनी वाळू चाळायला लागली. "पंपाच्या मांगं असंन. पाह्य नं पोरी, मले दिसत नाई. कुटी हाय?"

तिनं वाळू ढवळली तसं पाणी गढूळ झालं. मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. ओठ परत उघडले, पण काही निघालं नाही. ती उभी होती; त्यांच्या नजरेला तिचा नुसता पदर दिसत असणार.

मी पिशवी खाली ठेवली. तिचा हात पाण्यातून काढला, माझ्या लुगड्याला पुसला आणि तिला खांद्याला धरून खाली बसवलं, होती तिथं, त्या फटीत.

"काय व? मासा कुटी हाय?"

गाळ हळूहळू खाली बसत होता. पलीकडून, चार बोटं पाण्यातून, तिचा सुरकुतलेला चेहरा वाळूला टेकल्यासारखा दिसायला लागला.

"हालू नका, माय," मी म्हणाले. "तितंच बसा."